आधी जोते

आमच्या मोहल्ल्यात घर एकदम बांधून होत नाही. आधी जोते होते आणि पैसे संपतात. मग दोन वर्षांनी भिंती उठतात, वर पत्रे पडतात, आणि घरातला एखादा मुलगा मिळवता झाला की पत्र्याच्या जागी स्लॅब येतो. स्लॅबवर कॉलमच्या सळ्या आभाळाकडे तोंड करून उभ्या ठेवतात. त्या गंजतात, त्यांवर कपडे वाळत पडतात, कावळे बसतात. बाहेरगावचा पाहुणा त्या बघून हसतो. आम्हाला हसू येत नाही. ज्याने सळ्या ठेवल्या नाहीत त्याला पुढे मजला चढवता येत नाही, हे मिरजेत आमच्या गल्लीतले पोरही सांगेल.

घरातल्या वस्तूंचेही असेच. त्यामुळे लेकीने कॉम्प्युटर 'थोडा थोडा' नवा करायचे काढले तेव्हा आम्हा दोघा नवरा-बायकोला त्यात विशेष असे काही वाटले नाही. विशेष वाटले ते तिने सगळ्यात जास्त विचार ज्या वस्तूवर केला, ती वस्तू बाहेरून दिसतच नाही याचे.

आमची ही लेक २०२२ साली मुलाला घेऊन माहेरी परत आली. खुला झाला. त्याचा तपशील इथे नको. लग्नाआधी तिने सिव्हिलचा डिप्लोमा केलेला होता, तो आठ वर्षे ट्रंकेत पडून होता. इद्दतीचे दिवस संपल्यावर तिने घरातला जुना कॉम्प्युटर पुसून चालू केला आणि विसरलेले ऑटोकॅड पुन्हा हाताखाली घातले. गावात घरे बांधणारे लहान कंत्राटदार पुष्कळ आहेत. ते वहीच्या कागदावर प्लॅन काढून आणतात, ती त्याचे ड्रॉइंग करून देते. पुढे लोक थ्रीडी एलिव्हेशन मागू लागले. घर बांधून झाल्यावर रस्त्यावरून कसे दिसेल, खिडकीला कोणता रंग, कठड्याला काच की लोखंड, हे आधीच फोटोसारखे बघायचे असते. त्याचे पैसे बरे मिळतात. पण ते चित्र पक्के करायला आमच्या कॉम्प्युटरला रात्र पुरत नसे. लेक इशाची नमाज पढून रेंडर लावी आणि फजरला उठून बघी. मध्ये लाइट गेली की सगळे मुसळ केरात.

तो कॉम्प्युटर आम्ही २०१३ साली घेतला होता. आमच्यापैकी एक जण तेव्हा शाळेत मराठी शिकवत होता आणि त्याला लेख टाइप करायचे होते. आत तिसऱ्या पिढीचा आय थ्री, एच६१चा बोर्ड, चार जीबी रॅम. २०१९ साली हार्ड डिस्कच्या जोडीला एसएसडी बसवली, तेव्हा म्हातारा कॉम्प्युटर पंचविशीतल्यासारखा पळू लागला. २०२३ साली जुन्या बाजारातली आणखी चार जीबी रॅम घातली. इथवर थोडे थोडे करणे जमले. पुढे मात्र रस्ता बंद होता, आणि तो बंद केला होता बोर्डाने.

हे आम्हाला लेकीने समजावले ते असे. प्रोसेसर ज्या चौकोनी जागेत बसतो तिला सॉकेट म्हणतात. आमच्या बोर्डाचे सॉकेट ११५५ पिनांचे. ते २०११ साली आले आणि २०१३ साली, म्हणजे आम्ही कॉम्प्युटर घेतला त्याच वर्षी, कंपनीने पुढच्या पिढीसाठी ११५० पिनांचे नवे सॉकेट काढले. मग २०१५ साली ११५१. म्हणजे आमच्या बोर्डात फार तर त्याच पिढीतला मोठा प्रोसेसर जुन्या बाजारातून आणून घालता आला असता. तीन-चार हजारांत काम झाले असते आणि वेगही वाढला असता. स्टेशन रोडवरच्या मेकॅनिक पोराने तोच सल्ला दिला. पण त्या पिढीचा कोणताही प्रोसेसर विंडोज ११च्या यादीत नव्हता आणि विंडोज १०ची मोफत देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ला संपणार हे जाहीर झालेले होते. शिवाय घराचे ड्रॉइंग करणारी काही नवी सॉफ्टवेअरे रॅम किमान १६ जीबी मागतात. लेक म्हणाली, "अब्बा, पडक्या जोत्यावर टाइल्स कायकू बसवना?"

थोरला मुलगा पुण्याला असतो. तो म्हणाला, एवढी उस्तवार कशाला, मी कार्डावर लॅपटॉप घेऊन पाठवतो, बारा हप्ते, बिनव्याजी. बहिणीवर त्याचा जीव आहे, त्याच्या म्हणण्यात खोट नव्हती. पण 'बिनव्याजी' या शब्दावर आमच्या घरात एक संपूर्ण रात्र चर्चा झाली. बँक व्याज लावतेच, दुकानदार तेवढी सूट आधी देतो, आणि त्या व्याजावरचा जीएसटी आपल्या बिलात येतो. मग हे सूद म्हणायचे की नाही? आम्ही मुफ्ती नव्हेत. लेकीचा नकार मात्र वेगळ्या कारणाने होता आणि ते तिने एका वाक्यात सांगितले. "भाईजानचा लॅपटॉप भाईजानचा राहील." नंतर तो विषय कोणी काढला नाही.

तिने आखलेला क्रम आम्हाला पटला, कारण तो घर बांधण्यासारखाच होता. जी वस्तू जुन्या बोर्डावरही चालेल आणि नव्यावरही चालेल ती आधी घ्यायची. अशी वस्तू म्हणजे एसएमपीएस, वीज पुरवणारा डबा. आमच्या जुन्या डब्यात प्रोसेसरसाठी चारच पिनांची वायर होती. नवे बोर्ड आठ पिनांची मागतात. नव्या डब्यात ही आठ पिनांची वायर चार-चार अशी उलगडते, म्हणून ती जुन्या बोर्डालाही बसते. २०२४च्या दिवाळीत तिने ५५० वॉटचा चांगला डबा घेतला आणि तीन महिने तो जुन्याच संसारात वापरला. कॅबिनेट बदलायचे कारण नव्हते. बोर्डाच्या स्क्रूंच्या जागा ठरलेल्या असतात, एटीएक्सचे हे माप १९९५पासून चालत आलेले आहे, आणि त्याच मापातला लहान बोर्ड आमच्या पत्र्याच्या पेटीत आरामात बसतो. एसएसडी, हार्ड डिस्क, मॉनिटर, की-बोर्ड, सगळे राहणार होते.

तीन वस्तूंना मात्र हप्ता नाही. बोर्ड, प्रोसेसर आणि रॅम. बोर्ड बदलला की जुना प्रोसेसर त्यात बसत नाही. डीडीआर३ रॅम डीडीआर४च्या खाचेत जात नाही, डीडीआर४ डीडीआर५च्या खाचेत जात नाही, कारण मधली चीर प्रत्येक पिढीत सरकवलेली आहे. या तिघांची वरात एकाच दिवशी घरात आणावी लागते. त्यासाठी एकरकमी पैसे लागतात, आणि एकरकमी पैशांसाठी आमच्याकडे भिशी असते. गल्लीतल्या बारा बायका, महिना तीन हजार. आमच्या भिशीत बोली लावत नाहीत, चिठ्ठी काढतात, त्यामुळे कोणाला कमी आणि कोणाला जास्त असा प्रकार नाही. लेकीची चिठ्ठी २०२५च्या जानेवारीत निघाली. हातात ३६ हजार रुपये.

आता खरा प्रश्न आला, आणि घरात दोन तट पडले.

आमचे दोघांचे मत स्वस्ताच्या बाजूने. बाजारात एएम४ नावाच्या सॉकेटचे बोर्ड सहा-सात हजारांत मिळत होते. त्यावर ५६००जी हा प्रोसेसर, सहा कोरचा, चित्र दाखवण्याची सोय त्यातच असलेला, बारा हजारांच्या आत. १६ जीबी डीडीआर४ तीन-साडेतीन हजारांत. सगळे मिळून बावीस हजार. चौदा हजार शिल्लक राहिले असते, त्यात नातवाची शाळेची फी निघाली असती. शिवाय या सॉकेटचा लौकिक मोठा. २०१७ साली पहिले रायझन त्यावर आले, आणि २०२४च्या जुलैतही त्याच्यासाठी नवे प्रोसेसर निघाले. २०१७ साली ज्याने यातला नीट बोर्ड घेतला त्याला बायोस अद्ययावत करून २०२२चा प्रोसेसर त्याच बोर्डात घालता आला. एका बोर्डाने एवढी वर्षे साथ दिल्याची उदाहरणे घरगुती कॉम्प्युटरच्या जगात थोडी आहेत.

लेकीने हे सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, "अब्बा, तुम्ही त्या सॉकेटची तारीफ करताय ती त्याच्या जवानीची. आपण आता त्याच्या म्हातारपणी त्याच्या घरात जाणार."

तिचे म्हणणे असे होते. एएम४वर आता मोठी उडी मारणारे काही यायचे नाही. जे यायचे ते येऊन गेले. त्याच्यानंतरचे एएम५ सॉकेट २०२२च्या सप्टेंबरात आले, त्यात फक्त डीडीआर५ चालते, आणि ते २०२७ व त्यापुढेही चालू ठेवू असे कंपनीने २०२४ साली जाहीर केलेले. २०२४च्या ऑगस्टमध्ये आलेले नवे प्रोसेसर दोन वर्षांपूर्वीच्या एएम५ बोर्डांवर नुसता बायोस बदलून चालू लागले, म्हणजे शब्द निदान एकदा तरी पाळला गेला होता. दुसरीकडे इंटेलचे १७०० पिनांचे सॉकेट होते, २०२१चे. त्याचे साधे बोर्ड आणि बाराव्या पिढीचा आय थ्री हा स्वस्तातला चांगला जोड होता, आणि पुढे चौदाव्या पिढीपर्यंत चढता आले असते. पण २०२४च्या ऑक्टोबरात त्याचाही वारस आला होता, १८५१ पिनांचा. "ज्या घराला वर मजला चढणार नाही तिथे मी आत्ताच पैसे का घालू?" असे तिने विचारले तेव्हा आमच्या लक्षात आले की आम्ही यंदाच्या खर्चाचा हिशेब करत होतो आणि ती पुढच्या सात-आठ वर्षांचा. ज्या लेकीने घरी परतल्यावर वर्षभर पुढच्या ईदचे कपडेसुद्धा ठरवले नव्हते, ती २०३०, २०३१ असे आकडे सहज बोलत होती. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले आणि फीची बाब तिथेच सोडून दिली.

नात्यातल्या एका निकाहासाठी मुंबईला जायचेच होते. महालक्ष्मी एक्स्प्रेसने रात्री मिरजेहून निघालो, निकाह उरकला आणि दुसऱ्या दिवशी ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडला गेलो. या रस्त्याचे कागदोपत्री नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण ते पाट्यांवरच. दोन्ही बाजूंना कॉम्प्युटरच्या सुट्या भागांची दुकाने, बोर्डांचे खोके छतापर्यंत रचलेले. दुकानदार आमच्यातल्या पांढऱ्या दाढीकडे बघून बोलू लागला. "चाचा, गेमिंग के लिए? बच्चे के लिए?" लेक डोक्यावरचा स्कार्फ सारखा करत म्हणाली, "मेरे लिए." मग तिने वहीत लिहून आणलेले प्रश्न विचारायला सुरुवात केली. दोन-तीन प्रश्न झाल्यावर तो आमच्याशी बोलायचा थांबला आणि तिच्याशीच बोलू लागला.

ते प्रश्न सांगण्यासारखे आहेत. पहिला प्रश्न, प्रोसेसरला वीज देणाऱ्या भागावर पत्र्याची पन्हळ, म्हणजे हीटसिंक आहे का? स्वस्त बोर्डांवर तो भाग उघडा असतो. आज बसवायचा प्रोसेसर ६५ वॉटचा, त्याला तेही चालेल. पण पुढे आठ किंवा बारा कोरचा घालायचा तर मिरजेच्या एप्रिलमध्ये तासन्‌तास रेंडर चालताना उघडा भाग तापणार आणि प्रोसेसर आपला वेग कमी करणार. ए६२० नावाचे आठ हजारांचे बोर्ड तिने याच कारणासाठी बाजूला ठेवले. बी६५०चा घेतला, बारा हजारांचा.

रॅमच्या खाचा दोन की चार, यावर आम्हाला चार बऱ्या वाटल्या. जास्त खाचा म्हणजे जास्त सोय. पण डीडीआर५मध्ये चारही खाचा भरल्या की रॅमचा वेग खाली येतो. दोन खाचांतही ३२ आणि ४८ जीबीच्या रॅम बसतात, मग चार हव्यात कशाला? दोनच घेतल्या. आज १६ जीबीची एक, नंतर तशीच दुसरी. दोन झाल्या की प्रोसेसर दोन्ही वाटांनी एकदम वाचतो आणि काम आणखी हलके होते.

मागच्या बाजूला व्हीजीए हवेच, हा तिचा आग्रह. दुकानदार हसला, आजकल कौन लेता है! पण आमचा मॉनिटर २०१३चा, त्याला तेवढेच भोक. व्हीजीए नसलेला बोर्ड घेतला असता तर त्याच दिवशी मॉनिटरही घ्यावा लागला असता. थोडे थोडे करणाऱ्याला अशी जुनी भोके जपावी लागतात. तसेच बायोस प्रोसेसरशिवाय, नुसत्या पेन ड्राइव्हने बदलण्याचे बटण आहे का, हेही तिने पाहून घेतले. पुढे नवा प्रोसेसर आणला आणि बोर्डाने त्याला ओळखलेच नाही, असे होऊ नये म्हणून.

प्रोसेसरच्या बाबतीत दुकानदाराने ८५००जी काढून दाखवला. नवा आहे, चित्राची सोय जास्त चांगली आहे, चार पैसे स्वस्त आहे. लेकीने ७६०० मागितला. कारण पुढे ग्राफिक्स कार्ड घ्यायचे तिच्या मनात होते. बोर्डावर कार्डासाठी लांब खाच असते, तिच्यात सोळा मार्गिका असतात. पण किती मार्गिका चालू राहणार हे प्रोसेसर ठरवतो. ७६०० सोळाच्या सोळा देतो, ८५००जी फक्त चार. म्हणजे रस्ता सोळा पदरी बांधायचा आणि नाक्यावर चारच गाड्या सोडायच्या! ७६००मध्ये चित्र दाखवण्याची सोय अगदी बेताची आहे, पण साध्या ड्रॉइंगला ती पुरते. पंखा त्याच्या सोबतच. रॅम साडेचार हजार. भिशीचे ३६ हजार संपून वरून पाचेकशे गेले, ते तिच्या अम्मीने बटव्यातून काढले आणि 'उधार आहेत' असे ठणकावून सांगितले. लेकीने पुढच्याच आठवड्यात फेडले.

बिल नीट घेतले. बोर्डावर तीन वर्षांची हमी असते आणि बिल नसेल तर ती कागदावरच राहते. एएम५च्या पिना प्रोसेसरला नसतात, बोर्डाच्या सॉकेटमध्ये असतात, आणि वाकलेली पिन हमीत येत नाही. त्यावर एक प्लॅस्टिकचे झाकण असते. प्रोसेसर बसवून तरफ दाबली की ते आपोआप उडते. ते टाकायचे नाही, हमीला बोर्ड परत पाठवताना लागते. आमच्या घरी ते शिवणाच्या डब्यात, गुंड्यांच्या शेजारी ठेवले आहे.

जोडणी तिने स्वतः केली, जेवणाच्या टेबलावर. नातू स्क्रू धरायला. त्याने शेजारी जाऊन जाहीर करून टाकले होते की आमच्या कॉम्प्युटरची मदर बदलायची आहे, त्यामुळे शेजारणही बघायला आली. बटण दाबले. पंखा फिरला. पडदा काळा. एक मिनिट गेले, दोन गेली. शेजारण म्हणाली, जुने तेच बरे असते. आमच्यातल्या एकीचे ओठ दरूद पुटपुटत हलू लागले. लेक मात्र हाताची घडी घालून उभी होती. डीडीआर५चा बोर्ड पहिल्यांदा चालू होताना रॅम तपासून तिच्याशी आपला मेळ बसवतो, त्याला काही मिनिटे लागतात आणि तेवढ्यात घाबरून बटण बंद करायचे नसते, हे ती वाचून बसली होती. तिचा चेहरा पाहून आम्हालाच धीर आला. किती मिनिटे गेली ते कोणी मोजले नाही. मग पडद्यावर अक्षरे उमटली.

विंडोज नव्याने घालावे लागले. जुन्या कॉम्प्युटरसोबत आलेला परवाना जुन्या बोर्डाशीच बांधलेला होता, तो नव्यावर चालला नाही. जुन्या हार्ड डिस्कवरचे आमचे लेख सुखरूप निघाले, पण ते जुन्या फॉन्टमधले. फॉन्ट नसेल तर 'आई'च्या जागी चौकोन आणि कंस दिसतात. ते युनिकोडमध्ये आणायचे काम आमच्यातल्या निवृत्त मास्तरांकडे लागले आहे आणि ते अजून संपलेले नाही.

रात्रभर चालणारे एलिव्हेशन आता इशानंतर लावले की जेवण आटोपून भांडी घासून होईपर्यंत तयार असते. कंत्राटदाराला खिडकीचा रंग बदलून हवा असेल तर लेक त्याला 'उद्या या' म्हणत नाही, 'चहा घ्या' म्हणते. दुसरी १६ जीबीची रॅम तिने २०२५च्या ऑगस्टमध्ये घेतली, सहा महिन्यांच्या कामातून साठवून. त्यानंतर वर्षअखेरीला रॅमचे भाव असे भडकले की मेकॅनिक पोरगा स्वतः घरी येऊन विचारून गेला, आपा, एक काढून विकणार का? आता एआयसाठी मोठमोठी संगणक-केंद्रे उभी राहत आहेत, ती सगळी रॅम ओढून घेतात, असे तो सांगत होता. लेकीने त्याला चहा पाजून परत पाठवले.

जुना बोर्ड, त्यावरचा प्रोसेसर आणि दोन रॅम तिने फेकल्या नाहीत. ते गल्लीतल्या एका दहावीच्या पोरीला, पेटी आणि डबा तिचा तिने मिळवायचा या अटीवर, देऊन टाकले. तिने पेटी मिळवली आहे. डबा अजून नाही. आमचा चार पिनांचा जुना एसएमपीएस माळ्यावर आहे, पण तो द्यायला लेक तयार नाही. म्हणते, बारा वर्षांचा झाला, त्याने तिचा बोर्ड जळेल.

इकडे आमच्या बोर्डावरची लांब खाच अजून रिकामी आहे. कार्डांच्या किमती ती वहीत लिहून ठेवते, खोडते, पुन्हा लिहिते. नातू आता पाचवीत गेला, त्याच्या फीचा आकडाही त्याच पानावर आहे. या वेळच्या भिशीत तिची चिठ्ठी अजून निघालेली नाही.